ईडी टाकू की आरडी?

चिमे, काल रात्री तू फोनवर ओरडलीस, "ताई, ईडी टाकू की आरडी?" आणि मागून आजीचा घाबराघुबरा आवाज आला, "ईडी? आपल्याकडे? काय केलं गं यानं?" बिचारे बाबा! तिला सांग, ही ईडी म्हणजे अर्ली डिसिजन. ही धाड घालत नाही, हिला आपणच घरी बोलावतो.

फोन ठेवला आणि माझं हसू ओसरलं. तुझ्या वयाची असताना मीही ईडीच टाकली होती. त्यातली एक गोष्ट मी घरात कधीच बोलले नाही. आज तुला सांगते. पण आधी तुझा गोंधळ निस्तरू.

सगळ्या अर्लींना एका माळेत ओवू नकोस. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन यांची अर्ली डिसिजन बांधून घेणारी. १ नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि 'हो' आलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. त्या करारावर तुझी, पालकांची आणि शाळेतल्या काउन्सेलरची सही लागते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची अर्ली निराळी. दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली अर्ज करायचा नाही, हे बंधन आहे. पण प्रवेश मिळाला तरी उत्तर द्यायला १ मेपर्यंत मुदत असते. आरडी म्हणजे रेग्युलर डिसिजन. तिचे अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला जातात आणि निकाल मार्चअखेर लागतात.

आता माझी गोष्ट. मला एकच कॉलेज हवं होतं. कोणी म्हणालं, "अर्लीत चान्स जास्त." आणखी कोणी म्हणालं, "एड, म्हणजे आर्थिक मदत, मागितलीस की चान्स कमी." मी दोन्ही ऐकलं. 'आर्थिक मदत हवी आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि बाबांना म्हटलं, "नंतर मागता येते हो." खरं तर मी कुठे चौकशीच केली नव्हती. डिसेंबरात प्रवेश मिळाला, आईनं वाड्यातल्या घराघरांत पेढे वाटले, आणि फेब्रुवारीत बाबांनी गावाकडचा प्लॉट विकला. मला म्हणाले, "तसाही पडूनच होता." मी ते खरं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

इथे अमेरिकेत आले तर माझी रूममेट नागपूरची. तिनं रेग्युलरमधून अर्ज केलेला, एड मागितलेली, हातात तीन कॉलेजांची पत्रं घेऊन तुलना केलेली. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, आणि माझ्या निम्म्याहून कमी पैशांत. दुसऱ्या वर्षी मी मदत मागायला गेले, तर नियम दाखवला: परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी मागितली नसेल तर पुढे मिळत नाही. पुष्कळ कॉलेजांत हाच नियम आहे आणि तो छापलेलाही असतो. मीच वाचला नव्हता. अजून एक मेख ऐक. एड अपुरी पडली तर ईडीच्या करारातून सुटता येतं. पण ज्यानं मागितलीच नाही, त्याला अपुरी पडली असं म्हणता कसं येईल? सुटायचं जे एकच दार होतं, ते मी माझ्या हातानं लावून घेतलं होतं.

आपल्याकडे लग्नात आधी याद्या होतात, मग साखरपुडा. ईडीत साखरपुडा आधी आणि याद्या नंतर. ज्यांना यादीची फिकीर नाही त्यांना ही पद्धत सोयीची. ही कुरकुर माझी एकटीची नाही. अर्लीचा फायदा सुखवस्तू घरांतल्या मुलांनाच जास्त होतो, असं म्हणत हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं २००६ मध्ये ती बंद करायचं जाहीर केलं होतं. पुढे २०११ मध्ये दोघांनी ती परत आणली, तीही बांधून न घेणारी.

आणि तो 'चान्स जास्त'? आकडे तसे दिसतात खरे. पण अर्लीच्या त्या गर्दीत कॉलेजनं आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. एड मागणाऱ्या पुण्याच्या मुलीला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

म्हणून या रविवारी एक कर. चहा झाला की बाबांसमोर वही घेऊन बस. खासगी कॉलेजचा सगळा मिळून खर्च आज वर्षाला ८०-९० हजार डॉलर किंवा त्याहूनही जास्त होतो, म्हणजे सत्तर लाखांच्या वर. गुणिले चार. बाबा "बघू गं" म्हणतील. तेवढ्यावर उठू नकोस, आकडा काढून घे. मग कॉलेजला मेल टाकून तीन गोष्टी विचार: परदेशी विद्यार्थ्यानं एड मागितली तर प्रवेशावर परिणाम होतो का, गरज पूर्ण भागवता का, आणि नंतर मागता येते का. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' असतं. बाकी ठिकाणी विचारल्याशिवाय कळत नाही.

उत्तरं वाचून, दुसरं एकही पत्र न बघता तुला 'हो' म्हणता येत असेल, तर खुशाल ईडी टाक. मनात 'पण' उरला तर आरडी. त्यात कमीपणा काहीच नाही. वर दोन महिने जास्त मिळतात. सहामाही, दिवाळी आणि साडेसहाशे शब्दांचा निबंध एकाच वेळी अंगावर येत नाही. ईडी टाकलीस तरी बाकीचे निबंध नोव्हेंबरातच लिहून ठेव. डिसेंबरात नकार आला, तर रेग्युलरच्या मुदतीला जेमतेम दोन आठवडे उरतात, आणि रडत रडत लिहिलेले निबंध कसे होतात ते मी माझ्या मैत्रिणींचे वाचून पाहिलं आहे.

माझं कॉलेज चांगलं होतं गं. पुन्हा निवडायचं तर कदाचित तेच निवडेन. पण ते 'कदाचित' मला कधी तपासून बघता आलं नाही. आणि गावी गेलं की त्या प्लॉटवरून जाताना बाबा अजूनही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतात.

आजीला म्हणावं, हिशेब आधी केलेला असला की ईडीला घाबरायचं काही कारण नाही.

तुझी,
ताई