ग्रंथकाराचा हक्क व वाचकाचें ऋण

दुसऱ्याच्या मळ्यांतील संत्रें धन्यास विचारल्यावांचून तोडूं नये, हें रोहण्यांतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु दुसऱ्याच्या पुस्तकांतील परिच्छेद आपल्या निबंधांत घालतांना पुष्कळ शहाण्यांचाही हात अडखळत नाहीं. संत्र्याची चोरी डोळ्यांस दिसते, शब्दांची दिसत नाहीं, एवढाच काय तो भेद! म्हणून ग्रंथस्वामित्व, म्हणजे ज्यास व्यवहारांत कॉपीराइट म्हणतात, त्याविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या देशांत ह्याविषयींचा कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला. ग्रंथ छापणें, त्याचें भाषांतर करणें, त्याच्या प्रती काढणें हे हक्क प्रथमतः कर्त्याचे असतात. ते त्याच्या हयातभर व मृत्यूचें वर्ष संपल्यानंतर ६० वर्षें टिकतात. पूर्वीं ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली तेव्हां १९९२ मध्यें ती वाढविण्यांत आली. मात्र हा हक्क शब्दरचनेवर असतो, कल्पनेवर नव्हे. मातृप्रेमावर कोणीही लिहावें. दुसऱ्याचीं वाक्यें मात्र आपलीं म्हणूं नयेत.

आपल्या वर्धा जिल्ह्यांतच ह्याचीं दोन उत्तम उदाहरणें आहेत. भगवद्गीता प्राचीन असल्यामुळें तिच्यावर कोणाचेंच स्वामित्व नाहीं. परंतु आचार्य विनोबांची 'गीताई' १९३२ मध्यें प्रसिद्ध झाली, व तिचे मराठी शब्द विनोबांचे आहेत. विनोबांचें निधन पवनार येथें १९८२ मध्यें झालें. म्हणून कायद्याची मुदत २०४२ च्या अखेरपर्यंत आहे. दुसरें उदाहरण महात्मा गांधींचें. १९१० मध्यें निघालेल्या 'हिंद स्वराज्य'च्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांनीं कोणताही हक्क राखून ठेविला नव्हता. पुढें सेवाग्रामीं वास्तव्य असतां १९४० मध्यें त्यांनीं मृत्युपत्रानें आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेस दिले. हक्क सोडणें किंवा राखणें हें कर्त्याच्या इच्छेवर आहे. वाचकानें तें परस्पर ठरवूं नये, हाच ह्यांतील बोध होय. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलें लेखन १ जानेवारी २००९ पासून सर्वांस मोकळें झालें आहे.

तर मग विद्यार्थ्यांनीं अभ्यास कसा करावा? कायदा इतका कठोर नाहीं. स्वतःच्या अभ्यासासाठीं व संशोधनासाठीं, त्याचप्रमाणें ग्रंथाची समीक्षा करतांना, वाजवी उतारा घेण्यास मोकळीक आहे. किती शब्द वाजवी, ह्याचें ठरावीक माप कायद्यानें दिलेलें नाहीं. प्रयोजन व प्रमाण पाहावें लागतें. शिकवितांना शिक्षकांस उतारा देतां येतो व प्रश्नपत्रिकेंतही घालतां येतो. विद्यार्थी-शिक्षकांनीं स्नेहसंमेलनांत केलेल्या नाटकासही, प्रेक्षक पालक व शाळेशीं संबंधित मंडळीच असतील तर, सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील एका दुकानावर मोठ्या प्रकाशकांनीं उताऱ्यांच्या छायाप्रतींबद्दल २०१२ मध्यें दावा लाविला. परंतु अध्यापनाच्या प्रयोजनापुरत्या अशा प्रती काढण्यास २०१६ मध्यें उच्च न्यायालयानें मान्यता दिली. ह्याचा अर्थ संपूर्ण पुस्तक छापून विकावें असा मात्र नव्हे. ज्याचा चरितार्थ लेखणीवर आहे, त्याच्या मुखांतील घास आपण काढून घेतों, हें ध्यानांत असावें.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्यें व साने गुरुजी १९५० मध्यें निवर्तले. त्यांच्या हयातींतील लेखनावरील हक्काची मुदत संपली. त्यांचें नांव सांगण्याचें आपलें कर्तव्य संपलें नाहीं. हक्कास मुदत आहे, ऋणास नाहीं. म्हणून विद्यार्थिमित्रहो, उतारा अवतरणचिन्हांत घाला, ग्रंथ व ग्रंथकार ह्यांचीं नांवें लिहा, आणि संपूर्ण कविता अथवा लेख छापावयाचा असेल तर आधीं अनुमति मागा. पालकांनींही मुलाचा निबंध वाचतांना गुणांपूर्वीं एवढेंच विचारावें, "बाळ, ह्यांत तुझें किती?" स्वतःचीं दहा साधीं वाक्यें उसन्या दहा पानांहून अधिक मोलाचीं आहेत.