मिस्त्रीला वाचता येईल अशी टीप

जळगावात पिंप्राळ्याकडच्या एका नव्या घरात बाथरूम हॉलपेक्षा एक पायरी उंच आहे. घरातल्या आजींना ती पायरी रोज चढावी लागते. दोष कोणाला द्यायचा? नकाशाच्या कोपऱ्यात टीप होती : संडास-बाथरूमचा स्लॅब नऊ इंच खाली घ्यावा. पण नकाशा काढला होता ए१ कागदासाठी आणि साइटवर पोहोचली त्याची ए३ प्रत. सेंटरिंगवाल्या मिस्त्रीला मी विचारले, तेव्हा त्याने सिमेंटने राखाडी झालेला तो कागदच पुढे केला. ‘भाऊ, चष्मा लावूनही दिसत नाही. आम्ही स्लॅब सरळ टाकला.’

त्याचे म्हणणे खरेच होते. ए१ कागद ८४१ बाय ५९४ मिलिमीटरचा, तर ए३ हा ४२० बाय २९७ चा. लांबी निम्मी झाली की अक्षरही निम्मे होते. अडीच मिलिमीटरचे अक्षर सव्वा मिलिमीटरवर येते. मग वेलांटी, रफार, अनुस्वार सगळे एकमेकांत मिसळून जाते. आराखड्यांवरच्या अक्षरांची उंची २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर अशी ठरलेली असते. साइटवर ए३ प्रतच फिरणार हे माहीत असेल, तर मूळ ए१ वर मराठी टीप ५ मिलिमीटरची ठेवावी. १:५० च्या नकाशात कॅडमध्ये तेच अक्षर थेट खऱ्या मापात लिहायचे असेल, तर उंची २५० द्यावी लागते. निम्म्या प्रतीवर १:५० चे प्रमाणही १:१०० होते. म्हणून ‘लिहिलेले मापच धरावे, कागदावर पट्टी लावू नये’ ही ओळ ठळक हवी.

आणखी एक घोळ फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली टीप दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर निरर्थक चिन्हे होऊन उघडते. युनिकोड वापरावा आणि साइटवर कॅड फाइल न देता पीडीएफ द्यावी.

टीप कुठे लिहायची, यावरही बरेच अवलंबून असते. धुळ्याचे उदाहरण घ्या : १८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने शहराची नवी वस्ती सरळ रस्त्यांत आखली. तिथल्या गल्ल्या आजही नंबराने ओळखल्या जातात आणि गल्ली नंबर सांगितला की रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारत नाही. नकाशातल्या टिपांनाही असेच नंबर द्यावेत. बाथरूमवर वर्तुळात ४, आणि कडेच्या रकान्यात ४ पुढे पूर्ण वाक्य. रकान्यातल्या ओळी डावीकडे एका रेषेत असाव्यात आणि बाणाच्या रेषा एकमेकींना छेदू नयेत. ज्या कागदावर स्लॅब आहे त्याच कागदावर स्लॅबची टीप हवी. दुसऱ्या पानावरच्या ‘जनरल नोट्स’ साइटवर कोणी उघडत नाही.

त्या जनरल नोट्स बहुधा जुन्या फाइलमधून जशाच्या तशा उचललेल्या असतात. ‘स्लॅबवर ७ दिवस पाणी मारावे’ हे त्यातले ठरलेले वाक्य. आयएस ४५६ : २००० या मानकात साध्या ओपीसी सिमेंटसाठी किमान ७ दिवस आहेत खरे, पण कोरड्या, उष्ण हवेत १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही. पीपीसीसारखे मिश्र सिमेंट वापरले तरी १० च. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या जळगावात ७ दिवसांची टीप लिहिणे म्हणजे तडे मागवून घेणे.

मापांचेही तसेच. ऑफिस मिलिमीटरमध्ये बोलते, मिस्त्री फूट-इंच-सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. २३० च्या भिंतीपुढे ‘नऊ इंची’ लिहायला जागा फारशी लागत नाही. महत्त्वाची टीप इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहून ऑफिसचा रुबाब वाढतो, काम नाही.

एक सूचना घरमालकांनाही. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा ठेकेदाराच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. त्यात सामासिक अंतरे, एफएसआय, पार्किंग असते. स्लॅब किती खाली घ्यायचा हे कामाच्या नकाशातच सापडते. तो वेगळा मागून घ्या, स्लॅब आणि बाथरूमचे पान पूर्ण आकारात छापून घ्या, आणि काँक्रीट टाकण्याच्या आदल्या दिवशी त्यावरच्या टिपा मिस्त्रीकडून मोठ्याने वाचून घ्या.