प्रवासाचे बक्षीस गुण : बदलांची माहिती कशी ठेवावी?

लखनौ आणि महाराष्ट्र यांच्यातील ये-जा जुनी आहे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौमध्ये संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि डॉ. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी या शहराला आपली कर्मभूमी मानले. आज बँका, रेल्वे आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांतील बदल्यांमुळे कितीतरी मराठी कुटुंबे तेथे राहतात. दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी यायचे म्हटले, की पुष्पक एक्सप्रेसने जवळजवळ एक अहोरात्र लागते. विमानाने वेळ वाचतो. पण सणासुदीचे भाडे चौघांच्या कुटुंबाला जड जाते. अशा वेळी क्रेडिट कार्डावर साठलेले रिवॉर्ड पॉइंट, म्हणजेच बक्षीस गुण, खरोखर उपयोगी पडतात. मात्र या योजनांच्या अटी वारंवार बदलतात. त्या बदलांची माहिती वेळेवर कशी मिळवावी, याचा विचार या लेखात करू.

गुण म्हणजे ठेव नव्हे

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी, ती ही. बक्षीस गुण ही बँकेतील ठेव नाही. त्यावर व्याज मिळत नाही, ठेव विम्याचे संरक्षण नसते आणि त्याचे मूल्य योजना चालविणारी संस्था ठरविते. विमान कंपन्यांच्या या योजनांना बहर आला तो अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली सुरू केलेल्या कार्यक्रमानंतर. भारतातही त्या रुजल्या. पण त्यांची वाटचाल एकसारखी राहिली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे थांबली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि तिचा 'जेट प्रिव्हिलेज' कार्यक्रम त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' या नव्या नावाने पुढे आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा 'क्लब विस्तारा'चे सदस्य एअर इंडियाच्या कार्यक्रमात सामावले गेले. ज्यांनी त्या त्या वेळच्या सूचना वाचल्या, ते आपले गुण वेळीच वापरू शकले किंवा नव्या खात्याची खातरजमा करू शकले.

एक साधा हिशेब

समजा, एका कार्डावर दर १०० रुपयांच्या खर्चामागे २ गुण मिळतात आणि एका गुणाचे मूल्य २५ पैसे आहे. वर्षाला २ लाख रुपये खर्च केल्यास ४,००० गुण, म्हणजे १,००० रुपयांचा लाभ होईल. कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, तर ५९० रुपये जातात. हातात उरतात ४१० रुपये. आता गुणाचे मूल्य २५ ऐवजी २० पैसे झाले, तर लाभ ८०० रुपयांवर येतो आणि निव्वळ २१० रुपये उरतात. पाच पैशांच्या फरकाने फायदा जवळजवळ निम्मा झाला.

याच कार्डावर २०,००० रुपयांची बाकी महिनाभर थकली आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर ७०० रुपये व्याजात जातील. वर्षभराचा लाभ एका महिन्यात संपेल आणि वर पदरचे पैसे जातील. म्हणून जो दरमहा पूर्ण बिल भरतो, त्याच्यासाठीच बक्षीस गुण लाभाचे आहेत.

माहितीचे खात्रीचे मार्ग

१. संपर्काचा तपशील अद्ययावत ठेवा. पुण्याहून लखनौला बदली झालेल्या ग्राहकाने जुना मोबाईल क्रमांक बंद केला, पण बँकेला नवा कळविला नाही, अशी कल्पना करा. ३१ मार्चला ९,००० गुण संपणार असल्याची सूचना जुन्या क्रमांकावर जाते आणि २५ पैसे दराने २,२५० रुपयांचा लाभ बुडतो. बदलीच्या आदेशाबरोबर बँकेचा अर्जही भरावा.

२. मासिक विवरणपत्र शेवटपर्यंत वाचा. देय रकमेवर नजर टाकून ते बाजूला ठेवू नये. जमा झालेले, वापरलेले व संपणारे गुण त्यातच दिलेले असतात. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे अशा खर्चांवर अनेक कार्डे गुण देत नाहीत. तेही येथे ध्यानात येते.

३. महत्त्वाच्या अटींचे पत्रक पाहा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी शुल्कातील बदलाची सूचना किमान एक महिना आधी देणे बंधनकारक केले. बदल गैरसोयीचा वाटल्यास थकबाकी चुकती करून, जादा आकार न देता कार्ड परत करण्याची मुभाही ग्राहकाला दिली. गुणांच्या अटींतील बदल बँकेच्या संकेतस्थळावर व ई-मेलने कळविले जातात. दर तीन महिन्यांनी तेथे एकदा पाहावे.

४. प्रवासाआधी पुन्हा विचारा. विमानतळावरील विश्रांतिकक्षाची मोफत सोय अनेक कार्डांवर आता आधीच्या तिमाहीतील ठरावीक खर्चाशी जोडलेली आहे. लखनौच्या अमौसी विमानतळावर मुलाबाळांसह पोहोचल्यावर नकार ऐकण्यापेक्षा आदल्या आठवड्यात ग्राहकसेवा केंद्राला विचारलेले बरे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. गुण वापरून तिकीट काढायचे असल्यास त्याआधीच किती गुण शिल्लक आहेत, ते तपासावे.

सावधगिरी

'तुमचे गुण आज रात्री संपणार' असा लघुसंदेश आणि सोबत एखादा दुवा किंवा ॲप आले, तर ते उघडू नये. घाई करायला लावणे हीच भामट्यांची रीत असते. गुण वापरण्यासाठी कोणतीही बँक फोनवर ओटीपी, पिन किंवा कार्डाच्या मागील तीन आकडे मागत नाही. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही लगेच कळवावे.

एक छोटी वही

घरखर्चाच्या वहीतच एक पान राखून ठेवावे. त्यावर कार्ड किंवा योजनेचे नाव, शिल्लक गुण, एका गुणाचे मूल्य, मुदत संपण्याची तारीख आणि अटी शेवटच्या कधी पाहिल्या, असे पाच रकाने आखावेत. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पंधरा मिनिटे देऊन ते भरावेत. हे काम घरातील एकाच व्यक्तीवर न ठेवता पती-पत्नी दोघांनीही जाणून घ्यावे.

थेंबे थेंबे तळे साचे, हे खरे. पण बक्षीस गुणांचे तळे उन्हाळ्यात आटते. म्हणून गुण फार काळ साठवू नयेत. गरजेचा प्रवास समोर असेल, तेव्हा ते वापरून टाकावेत आणि केवळ गुणांसाठी अनावश्यक खर्च कधीही करू नये. शंका असल्यास आपल्या शाखेत अवश्य विचारावे. आमचे कर्मचारी आपणास अटी समजावून सांगतील.