समोरच्या भिडूचं काम सोपं कर

पोरी, ब्रिज शिकायला घेतलंस, फार बरं केलंस. मेंढीकोट आणि लॅडीस खेळून हुकूम लक्षात ठेवायची सवय तुला आहेच, म्हणजे अर्धी शाळा घरीच झाली. उरलेली अर्धी अशी : समोर बसलेल्या भिडूला तुझी तेरा पानं दिसत नाहीत, तुला त्याची दिसत नाहीत, आणि दोघांमध्ये बोलायला असतात फक्त बोली आणि पानं. म्हणून काहीही बोलण्याआधी, कुठलंही पान टाकण्याआधी मनाशी एकच विचार, याने भिडूचं काम सोपं होतंय की अवघड? पुढची सगळी कलमं त्या एका प्रश्नातून आली आहेत. एका बैठकीला दोन-तीनच घे, सगळी एकदम पाठ करायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे मला.

बोली लावताना

१. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १ असे गुण मोजून झाले की लगेच रंगांची लांबीही मोज – सगळ्या कॅटात मिळून गुण ४०च असतात, पण चांगला सहापानी रंग असलेली ११ गुणांची पानं १३ गुणांच्या सपाट पानांना सहज भारी पडतात.

२. दोघांचे मिळून २५ गुण जमले तर गेम, ३३ला स्मॉल स्लॅम, ३७ला ग्रँड, हे तोंडपाठ ठेव – किलवर-चौकटच्या गेमला मात्र अकरा हात करावे लागतात, तिथे २९ धर आणि त्याआधी तीन नोट्रम्प होतंय का ते बघ.

३. बदाम किंवा इस्पिकात दोघांची मिळून आठ पानं आहेत का, ते नोट्रम्पवर स्थिरावण्याआधी शोध – भिडूने एक नोट्रम्प म्हटल्यावर दोन किलवर म्हणून विचारायची स्टेमनची रीत त्याचसाठी आहे.

४. तीनच्या बोलीने वाट अडवलीस की पुढे गप्प बस, कितीही खुमखुमी आली तरी – एका बोलीत तू तुझी सगळी पानं सांगून टाकलेली असतात, आता निर्णय भिडूचा. बोलून झालं त्याने ऐकत बसावं.

५. अशी अडवणूक करताना व्हल्नरेबल असलीस तर दोन हात आणि नसलीस तर तीन हात कमी पडतील इतपतच धाडस कर – डबल पडलं तरी दोन्हीकडे ५००च जातात, आणि समोरच्यांचा चार इस्पिकांचा गेम त्यांना ४२० किंवा ६२० देऊन गेलाच असता.

६. छोट्या कॉन्ट्रॅक्टसाठी चढाओढ लागली की गुणांपेक्षा आपल्या जोडीचे हुकूम मोज. आठ असतील तर दोनपर्यंत, नऊ असतील तर तीनपर्यंत झुंज – फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्न यांनी मांडलेला हा हिशेब लॅरी कोहेन यांच्या १९९२च्या पुस्तकानंतर जगभरच्या टेबलांवर पोचला, तो उगीच नाही.

७. समोरच्याने एक बदाम म्हटल्यावर डबल करायचं असेल तर बदाम कमी आणि बाकीचे तिन्ही रंग बरे हवेत – भिडू त्यातला कुठलाही रंग निवडेल, आणि तू त्याला निवडायला सांगितलं आहेस हे विसरून चालणार नाही.

८. दोन इस्पिकांसारखं कॉन्ट्रॅक्ट नुसत्या रागाने डबल करू नकोस – साधं झालं तर त्यांना ११० मिळतात, डबल होऊन झालं तर ४७०, आणि व्हल्नरेबल असले तर ६७०. रागाचं डबल, समोरच्याचा गेम.

९. भिडूचे एक्के विचारणारं ब्लॅकवुडचं चार नोट्रम्प बोलण्याआधी येणाऱ्या प्रत्येक उत्तरावर आपण काय बोलणार ते ठरव – हुकूम किलवर असेल तर नको ते उत्तर येऊन पाच किलवरची पायरी ओलांडली जाते, आणि मग परत फिरायला वाट नसते.

उतारी करताना

१०. राजा-राणी-गुलाम अशी सलग पानं असतील तर राजाची उतारी कर. पण भिडूच्या छोट्या उतारीवर तिसऱ्या हाताने खेळताना राणी-गुलामातला गुलाम टाक – उतारीचं वरचं पान खालची पानं सांगतं, आणि तुझा गुलाम मारायला डिक्लेररला राजा किंवा एक्का खर्चावा लागला की राणी त्याच्याकडे नाही हे भिडूला उमगतं.

११. नोट्रम्पविरुद्ध लांब रंगातलं वरून चौथं पान उतर, आणि भिडू तसं उतरला तर अकरातून ते पान वजा कर – जेवढे उरतील तेवढीच त्याहून मोठी पानं बाकी तिघांकडे मिळून असतात. भिडूने सत्ती उतरली, डमीत राजा-अठ्ठी-तिर्री आहे, तुझ्याकडे एक्का-दश्शी-पंजी आहे. अकरातून सात गेले, उरले चार. राजा, अठ्ठी, एक्का, दश्शी हे चार तुला दिसतातच, म्हणजे डिक्लेररकडे सत्तीहून मोठं एकही पान नाही. डमीतून अठ्ठी आली तर दश्शीच हात करेल, एक्का राखून ठेव.

१२. हुकमाच्या कॉन्ट्रॅक्टविरुद्ध पहिल्याच उतारीत एक्का हाती ठेवून त्याच्याखालचं छोटं पान खेळू नकोस – डिक्लेररचा एकटा राजा हात करून जातो, आणि एक्का तुझ्याकडे असेल हे भिडूच्या स्वप्नातही येत नाही.

१३. भिडूने रंग बोललेला असेल आणि तुला दुसरं काही ठळक दिसत नसेल, तर त्याचाच रंग उतर – तो बोलला ते तुला उतारी सुचवायलाही बोलला.

१४. डमीत एखादा रंग तोकडा असणार आणि डिक्लेरर तिथे हुकूम मारत बसणार असं बोलीवरून वाटलं, तर हुकमाचीच उतारी कर – प्रत्येक फेरीला डमीतला एक हुकूम कमी होतो.

१५. समोरचे आपणहून स्लॅमपर्यंत चढले आणि भिडूने डबल केलं, तर नेहमीची उतारी सोड आणि डमीने बोललेला पहिला बाजूचा रंग आधी आठव – थिओडोर लाइटनर यांची ही रीत आहे. बहुतेक वेळा भिडूकडे त्या रंगाचं एकही पान नसतं आणि तो हुकूम मारायला टपलेला असतो.

पानांतून खूण देताना

१६. घरच्या मेंढीकोटात भुवया उडवणं, खाकरणं चालून जातं. ब्रिजच्या टेबलावर ते घरीच ठेवून ये – इथे खूण फक्त पानाने आणि बोलीने द्यायची. भिडू अडखळला, उसासला, तर त्यावरून काही ताडून खेळायला नियमांची सक्त मनाई आहे.

१७. खुणेचा अर्थ क्रमाने लाव : भिडूच्या उतारीवर आवड-नावड, डिक्लेररच्या रंगावर पानांची संख्या, आणि भिडूला हुकूम मारायला पान देताना पुढच्या रंगाची सूचना – एका पानाचे दोघांनी दोन अर्थ लावले की डाव तिथेच निसटतो.

१८. ‘हाच रंग पुढे खेळ’ म्हणायचं असेल तर परवडेल तेवढं मोठं पान टाक – तिर्री की सत्ती या पेचात भिडूला घालू नकोस; दबकं बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही.

१९. ‘नको’ म्हणायचं असेल तर दुर्रीने स्पष्ट म्हण – भिडूने राजा-राणी-दश्शीतून राजा उतरला आणि डिक्लेररने एक्का-गुलाम घेऊनही मुद्दाम छोटं पान दिलं, तर भिडूला वाटतं एक्का किंवा गुलाम तुझ्याकडे आहे. त्याने तोच रंग पुन्हा खेळला की डिक्लेररचे दोन हात पक्के. याला बाथ कूप म्हणतात, आणि त्यातून वाचवते ती तुझी दुर्री. दुर्रीलाही जीभ असते.

२०. डिक्लेरर डमीतल्या लांब रंगाकडे वळला की संख्या सांग, दोन किंवा चार असतील तर आधी मोठं मग छोटं, तीन असतील तर आधी छोटं – डमीत राजा-राणी-गुलाम-दश्शी-पंजी आहे, तिथे जायला दुसरी वाट नाही, भिडूकडे एक्का धरून तीन पानं. तू अठ्ठी मग दुर्री टाकलीस की त्याला कळतं तुझी दोन, म्हणजे डिक्लेररची तीन. तो दोनदा एक्का दाबून तिसऱ्या फेरीला घेतो आणि डमीतली उरलेली दोन पानं तिथेच अडकतात.

२१. भिडूला हुकूम मारायला पान देताना त्या पानानेच पुढची वाट दाखव – हुकूम बदाम, दिलेला रंग चौकट, तर मोठी चौकट म्हणजे ‘इस्पिक खेळ’, छोटी म्हणजे ‘किलवर खेळ’.

२२. प्रत्येक पानातून काहीतरी सांगायलाच हवं असं नाही – भिडूला ज्याचा उपयोग नाही ती खूण डिक्लेरर वाचतो.

बचाव करताना

२३. डमी उघडली की आधी कॉन्ट्रॅक्ट पाडायला किती हात हवेत ते मोज, मग पान उचल – चार इस्पिक पाडायला चार हात. तिसरा झाला तरी चौथा कुठून येणार हे ठाऊक नसेल तर हातचा एक्का घाईत जातो.

२४. डिक्लेररने डमीतल्या राजा-गुलामाकडे छोटं पान सोडलं आणि एक्का तुझ्याकडे असला, तर काय टाकायचं ते डमी उघडल्याबरोबरच ठरवून ठेव आणि वेळ आली की न अडखळता छोटं पान दे – तू थबकलीस की एक्का कुठे आहे हे त्याला विचारावं लागत नाही.

२५. डमीतून एकटी राणी आली तर राजाने झाकायचा विचार कर. राणी-गुलाम दोन्ही दिसत असतील तर पहिल्याला सोड, दुसऱ्याला झाक – झाकण्याचा उपयोग तुझं किंवा भिडूचं खालचं पान वर येणार असेल तेव्हाच.

२६. निदान एका रंगाची तेरा पानं रोज शेवटपर्यंत मोज, सुरुवात हुकमापासून – एक रंग मोजायची सवय बसली की डिक्लेररची ठेवण, पाच-चार-तीन-एक की चार-चार-तीन-दोन, आपोआप समोर येते. आठवेल तो चुकेल, मोजेल तो वाचेल.

२७. पानांबरोबर डिक्लेररचे गुणही मोज – त्याने १५ ते १७चा एक नोट्रम्प बोलून आतापर्यंत १५ दाखवले असतील, तर न दिसलेला राजा त्याच्याकडे असूच शकत नाही. तो भिडूकडेच आहे असं धरून बिनधास्त खेळ.

२८. डमीत लांब, भरलेला बाजूचा रंग असेल तर आपले हात लवकर उचल. डमी सपाट असेल तर नवा रंग उघडू नकोस – पहिल्यात डिक्लेरर स्वतःची हरणारी पानं त्या लांब रंगावर टाकून देईल, दुसऱ्यात त्याला स्वतःच्या हाताने रंग फोडावे लागतील.

२९. पानं टाकायची वेळ आली की डमीत जितकी, तितकी त्या रंगाची पानं आपल्याकडे ठेव – डमीतल्या चार पानांसमोर तुझी चारातली ‘फालतू’ अठ्ठी फेकलीस की तिथली सत्ती शेवटी हात करते.

टेबलावरची रीत

३०. झालेली पानं आपल्यासमोर क्रमाने ठेव, जिंकलेला हात उभा, गमावलेला आडवा – रंग असून दिला नाही अशी तक्रार आली तर तीच पानं साक्ष देतात. मिसळून टाकलीस तर न्याय करणाऱ्यालाही काही सापडत नाही.

३१. नव्या भिडूबरोबर चार-पाचच कन्व्हेन्शन ठरव आणि कागदावर लिहून दोघांनी वाच – बारा पदार्थ कच्चे राहण्यापेक्षा वरणभात नीट शिजलेला बरा.

३२. भिडू वारंवार बदलू नकोस – २०१८ला जकार्ताच्या आशियाई खेळांत ब्रिज पहिल्यांदाच आलं, आणि पुरुष जोडीचं सुवर्ण आपल्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं; एक साठीचा, दुसरा छप्पन्नचा, आणि अनेक वर्षं एकमेकांसमोर बसलेले. ओळख मुरली की खूण पोचते.

३३. डाव बुडाला तर टेबलावर अवाक्षर काढू नकोस, वहीत आकडा लिही आणि पुढची पानं उचल – रागावलेला भिडू पुढचे दोन डावही तुझ्याच हिशेबात घालवतो.

३४. खेळ संपल्यावर चहा घेताना भिडूला ‘तू तिथे असं का खेळलास?’ विचारू नकोस. विचार, ‘मी कुठलं पान टाकलं असतं तर तुला सोपं गेलं असतं?’ – पहिल्या प्रश्नाला तो सबब सांगतो, दुसऱ्याला उत्तर देतो, आणि ते उत्तर पुढच्या बैठकीत दोघांच्या कामी येतं.