विरळणी करताना हात आखडू नकोस

अगं, तुझा फोटो पाहिला. कुंडीत नुसती हिरवाई माजलीय आणि तू खूश! पण खरं सांगू? त्या गर्दीत सलगमचा एकही गड्डा धरायचा नाही. बारा इंची कुंडीत चार रोपं, फार तर पाच. बाकीची काढायची.

जीवावर येतं, मला माहितेय. पण पहिली जी गुळगुळीत, बदामाच्या आकाराची जोडी येते, ती खरी पानं नव्हेत. त्यांच्यामागून येणारं पान हाताला खरखरीत लागतं. तशी दोन-तीन दिसली की लहान कात्री घे आणि नको असलेली रोपं मातीलगत काप. उपटलीस तर शेजारच्याची मुळं हलतात. कापलेली फेकू नकोस, लसूण-मिरचीच्या फोडणीत मस्त लागतात. आणि हो, काढलेलं रोप दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नकोस. सलगमचं मूळ एकदा दुखावलं की गड्डा वेडावाकडा होतो. बी जागेवरच पेरावं.

शेणखत कुजलेलंच घाल, तेही बेतानं. नत्र जास्त झालं की पानं फोफावतात आणि खाली गड्डा म्हणून शेपूट. पाणी रोज थोडं, नेमानं. चार दिवस कोरडं ठेवून एकदम बदाबदा ओतलंस की गड्डे तडकतात. साधारण दीड-दोन महिन्यांत, लिंबापेक्षा थोडा मोठा झाला की काढ. मोठा होऊ दे म्हणून ठेवलास तर दशीदार होतो. आपल्याकडे थंडी तशी थोडीच, त्यामुळे पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उरक. उन्हं तापली की चव तिखट होते.

मावा येणारच. पानं मुरडलेली दिसली की उलटी करून बघ. आधी पाण्याचा जोरदार फवारा मार. नाहीच गेला तर संध्याकाळी निंबोळी तेल, म्हणजे मधमाश्यांना त्रास नाही. पण ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला तर थांब, तो मावाच खातो.

मिसळणाच्या डब्यातली मोहरी पेरलीस तरी चालेल, पण पाल्याच्या भाजीपुरती. ती जात वेगळी, तिला गड्डा येत नाही. सलगमची सख्खी म्हणजे उत्तरेकडची तोरिया. शास्त्राच्या लेखी दोघी एकच, ब्रासिका रापा. एकीची निवड बियांसाठी झाली, दुसरीची मुळासाठी. म्हणून तर शेजारी फुलल्या की मधमाश्या परागांची सरमिसळ करून टाकतात आणि पुढच्या वर्षी धड ना सलगम, ना तोरिया. शिवाय तोरियाचं एकटं झाड स्वतःच्या परागावर बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा बी घरचंच हवं असेल तर एकाच प्रकाराची चार-पाच झाडं फुलू दे, आणि दुसऱ्याचा तुरा दिसला की कळ्यांसकट खुडून भाजीत टाक.