जखमी पिलूं आणि आपली मंडळी

शास्त्रपाठ : नीतिसूत्रें 12:10, मत्तय 23:37, गलतीकरांस पत्र 6:1, 2.

बोरिवली, गोरेगांव, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत आतां उंच इमारती उभ्या आहेत. तरी आरे वसाहतीच्या पाड्यांवर व गोराईच्या बाजूस अंगणांत कोंबड्या पाळणारीं घरें अद्याप आहेत. अशा घरीं कावळ्यानें टोचलेलें किंवा मांजराच्या तोंडून सुटलेलें पिलूं मुलें ओंजळींत घेऊन येतात आणि विचारतात, “हें जगेल काय?” पुष्कळदां तें जगतें, परंतु शुश्रूषेचा क्रम चुकला तर औषध असूनहि मरतें. तो क्रम आज पाहूं.

1. वेगळें करणें. रक्ताचा लाल ठिपका दिसतांच इतर पिलें त्याच जागीं टोचूं लागतात, आणि एकानें आरंभ केला कीं सर्व धांवतात. तीं वैरानें असें करीत नाहींत. तो त्यांचा स्वभाव आहे. मांजराच्या तावडींतून सुटलेलें पिलूं कधीं कधीं आपल्याच भावंडांच्या चोंचींनीं मरतें. म्हणून पहिलें काम औषध लावण्याचें नव्हे, तर त्यास कळपांतून उचलून घेण्याचें आहे.

2. ऊब देणें. लवेच्या पिलास आपल्या अंगाची उष्णता राखतां येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत त्यास सुमारें 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढें दर आठवड्यास सुमारें 3 अंश कमी चालते. खोक्याच्या एकाच बाजूस जुन्या तऱ्हेचा 60 वॅटचा बल्ब उंचावर लावावा, म्हणजे उकडल्यास पिलास दुसरीकडे सरकतां येईल. एलईडी दिव्याची ऊब पुरत नाहीं. वीज नसल्यास ऊन पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून ठेवावी. खालीं वर्तमानपत्र घालूं नये. त्यावर पाय घसरून फांकतात. खरखरीत फडकें घालावें.

3. जखम धुणें. अर्धा लिटर पाणी उकळून निववावें व त्यांत चहाचा एक लहान चमचा मीठ विरघळवावें. त्या पाण्यानें जखम हळूहळू धुवावी, आणि पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ करून लावावें. रॉकेल, राख किंवा हळदीची पूड खोल जखमेंत भरूं नये. माशी बसूं देऊं नये. पावसाळ्यांत एका दिवसांत अळ्या पडतात. खोक्यावर मलमलीचें फडकें बांधावें.

4. आधीं पाणी, मग दाणा. चोंचीच्या कडेस पाण्याचा थेंब लावावा; घशांत ओतूं नये, कारण तें श्वासनलिकेंत जातें. पिलूं सावध झाल्यावर भिजविलेली तांदळाची बारीक कणी व उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला बलक द्यावा. प्रत्येक वेळीं साबणानें हात धुवावे, आणि खोकें स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवावें.

5. वैद्याकडे नेणें. मांजराचा दांत लागला असेल तर छिद्र कितीहि लहान असो, त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें. विष आंत पसरतें. मोडलेल्या पायाविषयीं तसेंच करावें. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत. मुंबईत परळ येथें 1886 सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथेंच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. जखम नसतांना मान वांकडी होणें, हिरवट हगवण व एकामागून एक पिलें मरणें हीं मानमोडीचीं, म्हणजे राणीखेत रोगाचीं, लक्षणें असूं शकतात. त्यावर औषध नाहीं, लस मात्र आहे. अनेक पक्षी एकदम मेल्यास सरकारी दवाखान्यास तत्काळ कळवावें; 2006 सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आला होता, हें विसरूं नये.

6. परत मिळविणें. येथेंच बहुतेकांची चूक होते. जखम पूर्ण भरण्यापूर्वीं पिलूं कळपांत सोडलें तर पुन्हां टोचलें जातें. फार दिवस एकटें ठेवलें तर कळप त्यास परकें समजतो. म्हणून जखम भरल्यावर त्यास दोनतीन दिवस डालग्याखालीं इतरांच्या दृष्टीसमोर ठेवावें. मग सायंकाळीं एका शांत सोबत्याबरोबर खुराड्यांत सोडावें.

बोध. बंधुभगिनींनो, आपल्या मंडळींत कोणी घसरून पडतो, तेव्हां आपण काय करितों? विहिरीवर, दारांत, प्रार्थनेनंतरच्या बोलण्यांत त्याच जखमेवर चोंच मारितों. पिलांस विवेक नाहीं; आपणांस आहे. पौल प्रेषित गलतीकरांस सांगतो कीं, पडलेल्यास सौम्यतेनें सुधारावें व एकमेकांचें ओझें वाहावें. आपल्या प्रभूनें यरुशलेमेकडे पाहून कोंबडीच्या पंखांचा दृष्टान्त घेतला, यांत पहिली गोष्ट ऊब आहे, उपदेश मागून. आणि शेवट वेगळें ठेवण्यांत नव्हे, तर परत मिळविण्यांत आहे.

कांहीं पिलें सर्व करूनहि मरतात. मुलांपासून तें लपवूं नये. जें करणें आपल्या हातीं होतें तें केलें, एवढें त्यांस सांगतां यावें.

प्रश्न.
1. औषधापूर्वीं कोणत्या दोन गोष्टी कराव्या?
2. पिलूं फार दिवस एकटें ठेवल्यास काय होतें?
3. आपल्या मंडळींतून दूर राहिलेल्या कोणाच्या घरीं या आठवड्यांत आपण जाल? त्याच्याबरोबर सोबती म्हणून उपासनेस कोण येईल?