काच, पंप आणि सोलापूरचं पाणी

होटगी रोड, सात रस्ता, विजापूर रोड या भागात दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत काच लावलेली दुकानं नि दवाखाने वाढत चाललेत. काच बसवणारा बिल घेऊन जातो. ती धुवायची कोणी, हे मालकाच्या गळ्यात. शिडीवर पोरगा, हातात बादली आणि वर्तमानपत्राचा बोळा ही जुनी तऱ्हा. मी गाडीत पाण्याचे कॅन, बॅटरीवरचा पंप आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन फिरतो. या धंद्यात उतरू पाहणारी पोरं विचारतात, "दादा, सेट कुठनं मागवला?" मागवला नाही, इथंच जुळवला. कसा, ते सांगतो.

१. पंपासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही

सांगोल्याच्या डाळिंबावर आणि नान्नजच्या द्राक्षावर जो फवारा बसतो, तोच पंप काचेला चालतो. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप असतो. शेती औजारांच्या दुकानात तो सुटा मिळतो आणि त्याचे वॉशर, व्हॉल्व्ह, प्रेशर स्विचही मिळतात. परदेशी काच-धुण्याच्या सेटमध्ये याच जातीचा पंप बसवलेला असतो. पण दिवाळीच्या तोंडावर तो परदेशी सेट बंद पडला तर सुटा भाग आणणार कुठून?

मात्र कुणा पाहुण्यानं शेतात वापरलेला पंप फुकट देऊ केला तरी घेऊ नका. कीटकनाशकाचा अंश रबरात आणि पाइपात मुरलेला असतो, आणि तुमच्या ब्रशचं पाणी दिवसभर तुमच्याच अंगावर गळणार असतं.

२. दाबाच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर '१०० पीएसआय' असं ठळक छापलेलं असतं. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण १४ पीएसआय पुरतो, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या काचेला दहाएक. पाइपातलं घर्षण धरलं तरी दाब उरतोच. मळ ब्रश काढतो. पाण्यानं तो फक्त वाहून न्यायचा असतो, आणि त्याला मिनिटाला दीड-दोन लिटर पुष्कळ झालं.

अडचण उलटीच येते. पंप चार-पाच लिटर ढकलतो, ब्रशच्या बारीक भोकांतून तेवढं जात नाही, दाब चढतो, स्विच पंप बंद करतो, दाब उतरला की पुन्हा सुरू करतो. टक-टक-टक असा आवाज येत राहतो आणि ब्रशवर पाणी अडखळत पडतं. असा दिवसभर चालवलेला स्विच लवकर जळतो. फवारणी पंपालाच वेग कमी-जास्त करायची बटणाची चकती येते, तीच मध्ये घाला. आवाज सलग गुणगुणता झाला की प्रमाण जमलं.

३. गाडीची जुनी बॅटरी लावू नका

मेकॅनिक चौकात एकानं मला सरळ सुनावलं होतं, "ती बॅटरी सेल मारायला असते बे, दिवसभर पंप ओढायला न्हाई." बरोबर होतं त्याचं. गाडीची बॅटरी क्षणभर भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते; तिला रोज तळापर्यंत उतरवलं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते.

हिशेब सोपा आहे. पाठीवरच्या पंपातली बॅटरी बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची. पंप चार-पाच अँपिअर ओढतो. कागदावर दीड-दोन तास, पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाती तासभरही नीट लागत नाही. मी लिथियम आयर्न फॉस्फेटची २० अँपिअर-अवरची वापरतो. वजनाला हलकी, उतरवली तरी कुरकुर नाही. तिचा चार्जर मात्र तिचाच हवा, १४.६ व्होल्टचा. इन्व्हर्टरवाल्याचा चार्जर तिला लावू नका.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ला असताना बंद गाडीतल्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल याचा विचार करा. बॅटरी सावलीत ठेवा, काम संपल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. रात्री, निवल्यावर लावा.

४. वायर आखूड, पाइप लांब

पंप बॅटरीशेजारी बसवा आणि लांबी हवी तेवढी पाइपात घ्या. पाऊण स्क्वेअर एमएमची पातळ वायर पाच मीटर ओढली तर पाच अँपिअरवर जाऊन-येऊन सव्वा व्होल्ट वाटेतच संपतो. १२ मधून सव्वा गेला की पंप रडतो आणि लोक पंपाला शिव्या देतात. अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर घ्या आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज टाका. ओल्या गाडीत वायर कधीतरी सोलवटणारच.

५. पाणी

खरा धंदा इथं आहे. वरचं सगळं एका दुपारी जुळतं.

प्रत्येक दुकानदार म्हणतो, "पाणी आमचंच घ्या की, बोअरला भरपूर आहे." भरपूर असतं, पण जड असतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. खिशात मावणारा टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा) घ्या आणि बुडवून बघा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, दुसरी सोय नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. आता समजा बोअरचा आकडा १००० आला, तर १०० लिटरमागे १०० ग्रॅम क्षार. किराणा दुकानातून मिठाची पुडी आणून काचेवर उधळण्यातलाच प्रकार. बरंचसं वाहून जातं हे खरं, पण जे थेंब काचेवर राहतात ते उन्हात कडेकडून आत वाळत येतात आणि पांढरं कडं सोडतात. नखानं चाचपलं तर कडेचा खरखरीतपणा लागतो. असे थर साचले की नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. मग कुणीतरी संडास धुवायचं ॲसिड सुचवतो, त्यानं ॲल्युमिनियमच्या चौकटी काळवंडतात. ॲसिड जवळ ठेवूच नका.

दांड्याच्या ब्रशनं धुतलेली काच पुसायची नसते, वाळू द्यायची असते. म्हणून पाणी दहाच्या आत हवं, शून्य असेल तर उत्तम. मी जारवाल्याकडून आरओचं पाणी घेतो, माझ्या मीटरवर ते पन्नास-शंभरच्या आसपास येतं. मग ते रेझिनच्या नळकांड्यातून काढलं की शून्य. बोअरचं पाणी थेट रेझिनमध्ये घालण्यात शहाणपण नाही: ५००च्या पाण्याला जेवढं रेझिन लागतं, त्यात ५०चं पाणी दहापट निघतं.

आणखी एक. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या, उजनीच्या टक्केवारीवर डोळे लावून बसणाऱ्या गावात आपण तासाला शंभर लिटर काचेवर ओततो. लोक बघतात आणि बोलतातही. घरी आरओ बसवलात तर बाहेर पडणारं पाणी ड्रममध्ये धरा. फरशी, पायऱ्या, गाडीची चाकं त्यात होतात. ते गटारात सोडून काचा चमकवणं मला पटत नाही.

६. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो

तोही निम्मा भरलेला असला की वळणावर पाणी एका अंगाला जातं आणि गाडी ओढते. आसरा चौकात एकदा ब्रेक मारून बघा. त्यापेक्षा ३५ लिटरचे कॅन बरे. एकेक रिकामा होत जातो, उचलताही येतो.

७. वर बघा

नवी पेठेत, चाटी गल्लीत दुकानाच्या कपाळावरून तारा गेलेल्या असतात. ॲल्युमिनियमचा दांडा तिथं नकोच. कार्बन फायबरही वीज वाहून नेतं, हे विकणारा सांगत नाही. फायबरग्लास बरा, पण ओला झाला की त्याचाही भरवसा नाही. तार जवळ असेल तर त्या काचेला नाही म्हणा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

८. टॉवेल

सोलापुरात राहून टॉवेलला नावं ठेवणं जिवावर येतं, पण भौगोलिक मानांकन मिळालेला आपला टेरी टॉवेल नवा असताना काचेवर तूस सोडतो. खालच्या चौकटी पुसायला बऱ्याचदा धुतलेला घ्या.

९. सकाळची काच पश्चिमेची

पूर्वेला तोंड असलेलं दुकान दुपारनंतर, पश्चिमेचं सकाळी. तापल्या काचेवर ब्रश फिरेपर्यंत पाणी उडून जातं. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणीही हात भाजेल इतकं तापलेलं असतं, ते आधी कॅनमध्ये परत सोडा.

१०. दर

दसऱ्यापासून गड्ड्याच्या यात्रेपर्यंत फोन थांबत नाही, तेव्हा घासाघीसही जोरात असते. बिलात पाण्याची ओळ वेगळी लिहा. "बोअरचं वापरा आणि कमी करा" म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. त्याच्याच एका काचेचा अर्धा भाग बोअरच्या पाण्यानं धुतो, अर्धा माझ्या, आणि वाळेपर्यंत चहा घेतो. दर त्यानंतर ठरवतो.